आजीच्या 'गोळ्या'



मागच्या महिन्यात आपण भिंतीवरच्या पालीबद्दल बोललो. या वेळी त्याच भिंतीच्या पायथ्याशी उतरूया. कुंडी उचलली की खाली करड्या रंगाचे, खवल्याखवल्यांचे, बारीक पायांचे जीव पळताना दिसतात. बोट लावलं की त्यातले काही झटकन गोल होतात. इंग्रजीत त्यांना पिलबग म्हणतात, म्हणजे गोळीकिडा. त्यांचे जे भाऊबंद गोल न होता नुसतेच पळतात, ते सोबग. मी सॉफ्टवेअरवाला, त्यामुळं बग शोधणं हा माझा रोजचा धंदाच आहे. पण हे बग मला आजीनं दाखवले, आणि ते बघायला आम्हाला जवळपास दोन आठवडे लागले.

शहापुरातलं आमचं घर जुनं आहे. पुढं गल्ली, मागं परडं. परड्याच्या बाजूला आजीची खोली आणि तिला लागून न्हाणी. आजीचं वय 84. एका डोळ्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालंय, दुसऱ्याचं पावसाळा संपल्यावर करायचं ठरलंय. आषाढ संपत आला होता. बेळगावचा पाऊस तुम्हाला माहीत आहे. आठ-आठ दिवस कपडे वाळत नाहीत. अशाच एका सकाळी आजी आईला म्हणाली, "रात्री गोळ्या पडल्या होत्या गं खाली. मी केरसुणीनं लोटून टाकल्या."

आई दचकली. आजीला रोज ब्लडप्रेशरच्या दोन गोळ्या असतात. आईनं पाकिटं काढून मोजली. हिशोब बरोबर. दोन दिवसांनी पुन्हा तेच, "गोळ्या होत्या खाली." पुन्हा मोजणी, पुन्हा हिशोब बरोबर. मग मात्र घरात दबक्या आवाजात बोलणं सुरू झालं. पुण्याच्या काकांना फोन गेला. "आईला विसरायला होतंय की काय? भास होत असतील. एकदा डॉक्टरांना दाखवा," असं काका म्हणाले. फोन स्पीकरवर होता आणि खोलीचं दार उघडं होतं. त्यानंतर चार-पाच दिवस आजी गोळ्यांबद्दल एक अक्षर बोलली नाही. आम्हाला वाटलं, बरं झालं, थांबलं.

एका रात्री परदेशातल्या टीमबरोबरचा कॉल संपवून मी साडेअकराला न्हाणीचा दिवा बंद करायला गेलो. आजी जागीच होती, कॉटवर बसून. मला बघून हळूच म्हणाली, "आल्यात बघ. आता मोजा तुमची पाकिटं."

मी मोबाईलचा टॉर्च लावला. भिंतीच्या कडेनं चौदा-पंधरा पिलबग होते. काही चालत होते. ज्यांना आजीच्या काठीचा धक्का लागला होता, ते गोल होऊन पडले होते. अगदी करड्या गोळ्यांसारखे. आजीनं जे पाहिलं तेच सांगितलं होतं. गोळ्या म्हटल्यावर औषधाचं पाकीट आम्हाला आठवलं, तिला नाही.

पहिला उपाय, जो चुकला

दुसऱ्या दिवशी मी दुकानातून कीटकनाशक पावडर आणली आणि भिंतीच्या कडेनं रेघ ओढली. सकाळी वीसेक मेलेले सापडले. मी खूश. पण पुढच्या सकाळी पुन्हा तितकेच, त्याच्या पुढच्या सकाळीही तितकेच. आईनं विचारलं, "आजी अनवाणी फिरते, खाली बसून शेंगा सोलते. ती पावडर तिच्या हाताला लागली तर?" याला माझ्याकडे उत्तर नव्हतं. पावडर पुसून काढली, फरशी दोनदा धुतली आणि मग, जे आधी करायला हवं होतं ते केलं. हा प्राणी आहे तरी काय, ते वाचायला बसलो.

हा किडा नव्हेच

पहिलाच धक्का हा, की पिलबग आणि सोबग कीटक नाहीत. कीटकांना सहा पाय असतात. यांना चौदा, म्हणजे सात जोड्या. हे कवचधारी प्राण्यांच्या घराण्यातले. खेकडा, कोळंबी, शेवंड यांचे नातेवाईक. घरात श्रावणाची तयारी चाललेली, मासळी बंद होणार, आणि आजीच्या खोलीत कोळंबीचे चुलत भाऊ फिरतायत! आईला हे सांगितल्यावर तिनं कपाळाला हात लावला.

या घराण्यातली बहुतेक मंडळी अजून पाण्यातच राहतात. मोजक्यांनीच जमिनीवर संसार थाटला आणि त्यांत सगळ्यांत यशस्वी ठरले ते हेच. जगभरात यांच्या साडेतीन हजारांहून जास्त जातींची नोंद झालेली आहे. सगळ्यांत जास्त अभ्यास झालाय तो मूळच्या युरोपातल्या आणि माणसाबरोबर, कुंड्या-रोपांबरोबर जगभर पसरलेल्या दोन जातींचा: गोल होणारा आर्मडिलिडियम वल्गारे आणि गोल न होणारा पोर्सेलियो स्केबर.

समुद्र आणि जमीन यांच्या मधली पायरी बघायची असेल तर पुढच्या सुट्टीत किनाऱ्यावर गेल्यावर पाणी आपटणाऱ्या खडकांकडे किंवा जेट्टीच्या दगडांकडे नीट बघा. माणसाची चाहूल लागताच झुरळासारखे चपळ, चपटे, लांब मिशांचे जीव फटींत पळतात. ते लायजिया, याच कुळातले. ते अजून समुद्राच्या तुषारांना धरून आहेत. आपल्या कुंडीखालचे मात्र समुद्र सोडून कुठल्या कुठं येऊन पोचले.

पिलबग आणि सोबग यांत फरक ओळखणं सोपं आहे. सोबग चपटा असतो आणि त्याच्या मागच्या टोकाला शेपटीसारखी दोन टोकं बाहेर आलेली दिसतात. पिलबगची पाठ जास्त घुमटाकार असते, शेपटी बाहेर दिसत नाही. लांबी दोघांचीही एक-दीड सेंटिमीटरपर्यंत.

आणखी एक गफलत आपल्या भागात हमखास होते. सह्याद्रीच्या जंगलात पावसाळ्यात चालताना सुपारीएवढा, चकचकीत, पूर्ण गोल होणारा एक प्राणी दिसतो. तो पिलबग नाही. तो पैसा किंवा वाणी ज्याला म्हणतो, त्या मिलिपीडच्या कुळातला, आर्थ्रोस्फेरा नावाचा. त्याच्या पोटाकडं बघितलं तर पायांच्या वीसपेक्षा जास्त जोड्या दिसतात. गोल होण्याची युक्ती दोघांनी स्वतंत्रपणे शोधली, नातं काही नाही. तोही निरुपद्रवी आहे आणि जंगलातला पालापाचोळा कुजवायचं मोठं काम करतो. त्याला उचलून घरी आणू नका.

सगळं गणित पाण्याचं

जमिनीवर आले खरे, पण समुद्राची एक सवय यांना सोडता आली नाही. यांचा श्वास अजून ओलीवर चालतो. पोटाखाली मागच्या भागात पानासारखे चपटे अवयव असतात, मूळच्या कल्ल्यांचंच बदललेलं रूप. पिलबग उलटा केला तर तिथं पांढरे ठिपके दिसतात. ती त्याची फुप्फुसं म्हणायला हरकत नाही. हा भाग ओलसर राहिला तरच श्वास चालतो. शिवाय कीटकांच्या अंगावर पाणी अडवणारा मेणाचा थर असतो, तसा यांच्याकडे जवळजवळ नाही. कोरड्या हवेत अंगातलं पाणी भराभर उडून जातं.

एवढं एक लक्षात घेतलं की यांच्या बाकीच्या सवयी आपोआप उलगडतात.

रात्री का हिंडतात? रात्री हवा दमट असते. दिवसा कुंडीखाली, विटेखाली, ओल्या पोत्याखाली का बसतात? ओल टिकते म्हणून. गोल का होतात? शत्रूपासून बचाव तर आहेच, पण गोल झाल्यावर श्वासाचे अवयव आत झाकले जातात आणि पाणी कमी उडतं. एकावर एक गर्दी करून का बसतात? तेही पाण्यासाठीच. शिकागोचे प्राणिशास्त्रज्ञ वॉर्डर अ‍ॅली यांनी 1926 साली यांच्या घोळक्यांवर अभ्यास प्रसिद्ध केला होता. जमीन कोरडी झाली की हे एकत्र येतात आणि गर्दीत प्रत्येकाचं पाणी सावकाश उडतं.

यांची लघवीची तऱ्हाही वेगळी. शरीरातला नको असलेला नायट्रोजन बाहेर टाकायला आपण पाणी खर्च करतो. हे तो बराचसा अमोनिया वायूच्या रूपात हवेत सोडून देतात.

पिल्लांची सोय तर बघण्यासारखी. पाण्यातले नातेवाईक अंडी पाण्यातच वाढवतात. जमिनीवर पाणी कुठून आणायचं? मादीच्या पोटाखाली एक पिशवी तयार होते आणि त्यात द्रव असतो. जणू तिनं बरोबर घेतलेला ओंजळभर समुद्र. अंडी त्यातच वाढतात, त्यातच फुटतात आणि पिल्लं चालती झाली की बाहेर पडतात. बाहेर येणारं पिल्लू पांढुरकं, टाचणीच्या टोकाएवढं आणि सहाच जोड्या पायांचं असतं. सातवी जोडी नंतर, कात टाकताना येते.

कात टाकायची पद्धतही निराळी. आधी मागचा अर्धा भाग, दोन-तीन दिवसांनी पुढचा अर्धा. मागून फिकट आणि पुढून करडा असा दोन रंगांचा पिलबग दिसला तर तो आजारी नाही, कपडे बदलायच्या मधल्या वेळेत तुम्ही त्याला गाठलंय. टाकलेली कात तो बहुतेक वेळा खाऊन टाकतो; त्यातलं कॅल्शियम वाया घालवत नाही. स्वतःची विष्ठाही पुन्हा खातो. यांच्या रक्तात आपल्यासारखं लोह नसून तांबं असतं आणि तांबं सहजी मिळत नाही, त्याचाही या सवयीशी संबंध लावला जातो.

कधी एखादा चक्क निळा-जांभळा चमकणारा दिसतो. दिसायला सुंदर, पण तो एका विषाणूचा आजार असतो आणि असा निळा झालेला फार दिवस जगत नाही. आणखी एक नवल म्हणजे वोल्बाकिया नावाचा जिवाणू. आर्मडिलिडियमच्या शरीरात तो शिरला की जन्मानं नर असलेल्या पिल्लाची मादी होते. तो जिवाणू अंड्यातून पुढच्या पिढीत जातो, म्हणून त्याला माद्याच हव्या असतात.

डब्यातला प्रयोग

हे सगळं मी जेवताना सांगत होतो. नऊ वर्षांची पुतणी म्हणाली, "काका, बघूया की खरंच." मग आम्ही एक पसरट प्लास्टिकचा डबा घेतला. अर्ध्या भागात ओला टिश्यू, अर्ध्यात कोरडा. परड्यातून बारा पिलबग चमच्यानं उचलून मधोमध ठेवले, वरून अंधार केला आणि वीस मिनिटांनी उघडलं. ओल्या बाजूला नऊ, कोरड्या बाजूला तीन. आणखी दहा मिनिटांनी अकरा आणि एक.

मला मजा वाटली ती वेगळ्याच गोष्टीची. ओल कुठं आहे हे त्यांना लांबून 'दिसत' नव्हतं. झाकण काढून बघितलं तेव्हा कोरड्या बाजूचे सैरावैरा पळत होते, सारखे वळत होते. ओल्या बाजूला पोचलेला हळू होत होता आणि थांबत होता. बस्स, एवढाच नियम: कोरडं लागलं तर पळ, ओलं लागलं तर थांब. डी. एल. गन या संशोधकांनी 1937 साली पोर्सेलियोवर हेच दाखवून दिलं होतं. नकाशा नाही, ठरलेली दिशा नाही, तरी थोड्या वेळानं सगळे ओलीत जमतात. आम्ही प्रोग्रॅम लिहिणारे चार ओळींत जे बसवायला बघतो, ते यांनी दोन ओळींत बसवलंय.

दुसरा प्रयोग तुम्हीही करून बघा. पुठ्ठ्याच्या पट्ट्यांची एक गल्ली बनवा. त्यात पिलबगला आधी सक्तीनं उजवीकडं वळायला लावा आणि पुढं दोन्ही बाजू मोकळ्या ठेवा. बहुतेक वेळा तो डावीकडं वळतो. एकदा उजवं तर पुढं डावं. यामुळं तो गोल-गोल न फिरता एकंदरीत सरळ लांब जातो, म्हणजे वाईट जागेतून लवकर बाहेर पडतो. प्रयोग झाल्यावर त्यांना होते तिथं सोडून द्या आणि हात धुवा.

डबा आवरताना पुतणीनं विचारलं, "मग आजीच्या खोलीत ओलं कुठाय?"

मग मोजणी सुरू झाली

खोली तर कोरडी होती. निदान आम्हाला तसं वाटत होतं. कोरड्या घरात हे जीव दिवस-दोन दिवसांत सुकून मरतात. जोराच्या पावसात जमीन पाण्यानं भरली की ते वर चढतात आणि दाराच्या फटीतून चुकून घरात येतात, हे ठीक. पण आमच्याकडे पाऊस उघडला तरी ते येतच होते. आणि सकाळी मेलेले कमी, हिंडणारे जास्त.

मी रोज रात्री साडेअकराला टॉर्च घेऊन कुठं किती दिसले ते लिहायला लागलो. खोलीचे चार कोपरे, दार, कॉट. आजीला यात फार रस वाटू लागला, मी यायच्या आधीच ती सांगायची, "आज ट्रंकेकडं जास्त आहेत बघ." सात रात्रींचा आकडा 53. त्यातले 41 एकाच कोपऱ्यात, न्हाणीकडच्या भिंतीला लावलेल्या आजीच्या लोखंडी ट्रंकेभोवती. दाराजवळ फक्त चार. म्हणजे ते दारातून येत नव्हते.

रविवारी बाबा आणि मी ट्रंक सरकवली. मागं गिलाव्याचे पोपडे सुटले होते. हात लावला तर भिंत गार आणि ओली. खाली फरशी आणि भिंत यांच्यात करंगळी जाईल एवढी फट, आणि फटीत पिलबगांची आख्खी वसाहत, पिल्लांसकट. पण आम्ही दोघंही बघत होतो ते भिंतीवर वर चढलेल्या ओलीकडं. ती इलेक्ट्रिक बोर्डाच्या जेमतेम वीतभर खाली आली होती. आजीचा रात्रीचा दिवा आणि पाय शेकायची पिशवी त्याच बोर्डाला लागते.

बाबांनी आधी मेन स्विच बंद केला.

प्लंबर आला, भिंत फोडली. न्हाणीत जाणाऱ्या पाइपचा भिंतीतला एक जोड झिरपत होता. धार नव्हती, थेंब-थेंब. त्यामुळं ना मोटर जास्त चालली, ना टाकी लवकर रिकामी झाली, आणि कुणाच्या लक्षात आलं नाही. बाहेरून भर घातली ती आम्हीच. परड्याकडच्या भिंतीला चिकटून आईच्या कुंड्या रांगेनं मांडलेल्या, त्यांच्यामागं झाडलेला पाला सारलेला, आणि वरच्या फुटक्या पन्हाळीचं पाणी नेमकं त्यावर पडत होतं. आत ओल, बाहेर ओल, मधे फट. त्यांच्या दृष्टीनं याहून चांगली जागा गावात नसेल.

"भिंत गार लागतेय," हेही आजी जूनपासून म्हणत होती, असं आईला नंतर आठवलं. पावसाळ्यात भिंती गारच असतात, असं आम्ही तिला सांगितलं होतं.

बागेतला हिशोब

आता थोडं बागेबद्दल, कारण खरी तक्रार बहुतेकांची तिथली असते. यांचं मुख्य अन्न म्हणजे कुजका पाला, मऊ झालेलं लाकूड, बुरशी. ते पाल्याचे बारीक तुकडे करतात आणि पुढचं काम जिवाणू आणि बुरशी करतात. कंपोस्टच्या खड्ड्यात ते दिसले तर काम नीट चाललंय असं समजा.

पण ते अगदी निर्दोष आहेत असंही नाही. यंदा आईच्या वाफ्यातली वांग्याची रोपं बुंध्याशी कुरतडलेली दिसायला लागली. रात्री जाऊन बघितलं तर वांग्यावर शंख नसलेली गोगलगाय बसलेली, आणि तिनं केलेल्या जखमेवर चार पिलबग. सकाळी आपल्याला दिसतात ते पिलबगच, कारण गोगलगाय तोवर निघून गेलेली असते. तिची ओळख म्हणजे वाळलेली चंदेरी रेघ. मेथीच्या वाफ्यात मात्र दुसरं कुणी नव्हतं. नुकत्याच उगवलेल्या मेथीची पहिली दोन पानं पिलबगच खात होते. कोवळं रोप, मातीला टेकलेलं फळ, खूप ओल आणि खूप संख्या, या चार गोष्टी जुळल्या की ते कीड ठरतात. स्ट्रॉबेरी, मातीवर लोळणारी काकडी, हरितगृहातली रोपं यांना त्यांचा त्रास होतो.

याचं मोठं उदाहरण अर्जेंटिनात आहे. तिथं नांगरणी न करता, आधीच्या पिकाचा काडीकचरा रानातच ठेवून सोयाबीन घ्यायची पद्धत पसरली. मातीला ती चांगली. धूप थांबते, ओल टिकते. पण त्याच ओलीत आणि काडीकचऱ्यात आर्मडिलिडियमची संख्या वाढली आणि सोयाबीनच्या कोवळ्या रोपांवर तो कीड म्हणून नोंदला गेला. पिलबग तोच, भूकही तीच. बदलली ती जागा.

करायचं काय?

आम्ही जे केलं आणि ज्याचा उपयोग झाला, ते सांगतो.

1. झाडांना पाणी संध्याकाळी न घालता सकाळी घाला. रात्र पडेपर्यंत वरची माती सुकते.

2. कुंड्या भिंतीपासून हातभर पुढं ओढा आणि दोन विटांवर ठेवा. खालच्या ताटलीत पाणी साचू देऊ नका. पाला, लाकडं, पोती भिंतीला टेकवून ठेवू नका.

3. कोवळ्या रोपाच्या बुंध्याभोवती चार बोटं जागा मोकळी ठेवा. खोड जरा जून झालं की मग पाल्याचं आच्छादन जवळ आणा. तोवर धोका टळलेला असतो.

4. संख्या फारच वाढली असेल तर अर्धा बटाटा आतून कोरून रात्री वाफ्यात पालथा ठेवा. ओला पुठ्ठाही चालतो. सकाळी त्याखाली जमलेले सगळे कंपोस्टच्या खड्ड्यात झटका. चार-पाच दिवसांत फरक दिसतो.

5. घरात आले तर झाडू आणि सुपली पुरे. ते चावत नाहीत, डंख मारत नाहीत, धान्याला किंवा कपड्याला लागत नाहीत, माणसाला रोगही देत नाहीत. दाराखाली रबराची पट्टी लावा, फरशीकडच्या फटी सिमेंटनं बुजवा.

6. आणि पाऊस नसतानाही घरात एकाच जागी रोज दिसत असतील, तर पावडर आणायच्या आधी त्या जागेची भिंत हातानं चाचपून बघा. कपाट, ट्रंक, पलंग सरकवून बघा. जवळ स्विचबोर्ड असेल तर इलेक्ट्रिशियनला बोलवा.

बेडूक, चिचुंद्री, पाल, गोम हे सगळे यांना खातात, तेव्हा परड्यात त्यांना थोडी जागा असू द्या. आईनं चिचुंद्रीला मात्र साफ नकार दिलाय.

भिंत सुकायला दीड महिना लागला. तोवर आजी मधल्या खोलीत झोपत होती आणि रोज रात्री विचारायची, "आज किती?" दुरुस्तीनंतरच्या पहिल्या आठवड्यात अकरा, दुसऱ्यात तीन, तिसऱ्यात एकही नाही. आता ती परत आपल्या खोलीत आलीय. काकांनी पुण्याहून फोन केला तेव्हा तिनं स्वतःच फोन घेतला आणि म्हणाली, "भास नव्हते रे. चौदा पाय होते एकेकाला." काका थोडा वेळ गप्प होते. मग म्हणाले, "चुकलं, आई."

पुतणीनं चार पिलबग काचेच्या बरणीत, ओल्या मातीत आणि कुजक्या पानांत पाळलेत. त्यातल्या एकीच्या पोटाखाली फिकट पिवळसर पिशवी दिसायला लागलीय, त्यामुळं शाळेतून आल्यावर दप्तर टाकायच्या आधी बरणी बघितली जाते.

पुढच्या महिन्यात भेटूया दिव्याभोवती जमणाऱ्या पंखवाल्या मुंग्यांसोबत. तोवर एखादी कुंडी उचलून बघा, आणि बघून झाल्यावर ती हळूच परत ठेवा.